ताक आणि तूप वगळून घरचा खाऊ : संध्याकाळच्या डब्यात काय काय जमते?

खलबत्ता (मुलुंड)

गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलीने दूध आणि दुधापासून होणारे सगळे पदार्थ सोडले. तिच्या निर्णयावर घरात पुरेशी चर्चा झालेली आहे, त्यामुळे ती येथे नको. माझा प्रश्न निव्वळ स्वयंपाकघरातला आहे. ती माटुंग्याला महाविद्यालयात शिकते, सकाळी पावणेसातला घर सोडते आणि दुपारचा डबा संपल्यानंतर रात्री आठपर्यंत तिच्या पोटात घरचे काही जात नाही. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, म्हणजे फलाटाबाहेर वड्यांचा घाणा नेमका निघत असतो त्या वेळी, जी भूक लागते तिच्यासाठी घरून काय द्यावे, याचा विचार मी गेले सहा महिने करते आहे.

सुरुवातीला मी तयार पाकिटे आणली. 'वनस्पतीजन्य' असे पुढे ठळक छापलेल्या एका बिस्किटांच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरांत मैदा, साखर आणि पामतेल असा क्रम होता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या पुड्यात काय होते ते वेगळे सांगायला नको. शिवाय किंमत अशी की तेवढ्यात दोन किलो शेंगदाणे आले असते.

मग मी सासूबाईंची वही काढली आणि खाऊच्या पानांवर पेन्सिलीने खुणा करत गेले. चिवडा, भडंग, भाजणीची चकली, कडबोळी, थालीपीठ, कोथिंबीर वडी, अळूवडी, वाटली डाळ, दाण्याचा लाडू, चिक्की, राजगिऱ्याची वडी यांपैकी कशातही दुधाचा थेंब नाही. चकलीचे मोहनही तेलाचेच आहे. थालीपिठावरचा लोण्याचा गोळा काढून टाकला की तेही सुटले. अडकले ते मोजके पदार्थ. ताकामुळे अडकले तांदळाची उकड, ढोकळा आणि सुरळीची वडी, आणि तुपामुळे अडकले बेसनाचे, रव्याचे आणि नाचणीचे लाडू. इतकी वर्षे आपण जे खात होतो त्यातला बराचसा खाऊ मुळातच तिच्या नव्या नियमात बसणारा होता, हे लक्षात आल्यावर निम्मा ताण गेला.

उरलेल्या पदार्थांबाबत माझे मत असे झाले आहे की ताकासारखे दिसणारे काहीतरी विकत आणण्याआधी त्या पदार्थात ताक कशाला घातले आहे ते पाहावे. उकडीत ते आंबटपणासाठी आहे, म्हणून मी चार आमसुले कोमट पाण्यात भिजवून ते पाणी वापरले, वरून हिरवी मिरची, लसूण आणि हिंगाची फोडणी दिली, आणि उकड उत्तम झाली. रंग किंचित जांभळट आला एवढेच. ढोकळ्याला लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा पुरतो. सुरळीच्या वडीने मात्र दोनदा दगा दिला. पाण्यात लिंबू पिळून शिजवलेले पीठ ताटलीवर पसरले खरे, पण गुंडाळताना प्रत्येक पट्टी मोडली. बेसनाचे लाडू मी खोबरेल तेलात वळून पाहिले, आणि ते डब्यात तासाभरात बसले; 'लाडू' म्हणण्याजोगा आकारच राहिला नाही.

तेव्हा या दोन पदार्थांविषयी जाणकारांनी सांगावे, आणि ज्यांच्या घरी असा डबा रोज जातो त्यांनी आपले नेहमीचे पदार्थ प्रमाणासह लिहावेत, ही विनंती.

प्रयोगवही (विलेपार्ले)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे, आणि सुरळीची वडी हा माझा आवडता अभ्यासविषय आहे.

सुरळीच्या वडीला साधारणपणे एक वाटी बेसनाला एक वाटी आंबट ताक आणि दोन वाट्या पाणी लागते. या ताकाची कामे दोन आहेत. पहिले आंबटपणाचे, ते तुम्ही ओळखलेच आहे. दुसरे काम त्यातल्या स्निग्धांशाचे आणि प्रथिनांचे असते, ज्यामुळे शिजलेल्या पिठाचा पापुद्रा लवचीक राहतो. तुम्ही नुसते पाणी आणि लिंबू घेतल्यामुळे पहिले काम झाले आणि दुसरे राहिले. तीन वाट्या द्रवापैकी अर्धी ते पाऊण वाटी नारळाचे दाट दूध घ्यावे, उरलेले पाणी घ्यावे, आणि आंबटपणासाठी दोन चमचे आमचूर पाण्यात कालवून गाळून घालावा. लिंबाचा रस दहा-बारा मिनिटे उकळला की त्याची चव बोथट होते, आणि चिंचेने बेसनाचा पिवळा रंग मळकट होतो. आमचुराला हे दोन्ही दोष नाहीत. नारळाचे दूध नको असेल तर दोन चमचे तेल पिठात आधीच फेटून घ्यावे.

शिवाय मोडलेल्या पट्टीचे कारण पुष्कळदा घटकांत नसून वेळेत असते. पीठ मंद आचेवर सतत ढवळत असताना ते कढईची कड सोडू लागले की ताटलीच्या मागच्या बाजूला थेंबभर पसरून पाहावे. अर्ध्या मिनिटात निवून सहज सुटला तर गॅस बंद करून लगेच पसरायला घ्यावे. या क्षणानंतर दोन मिनिटे जरी गेली तरी पीठ घट्ट होते, जाड पसरते आणि गुंडाळताना तडकते. दोन ताटे आणि दुसरे माणूस हाताशी असल्याशिवाय मी हा पदार्थ करायला घेत नाही.

आता लाडू. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते. मुंबईत बाटलीतले खोबरेल थिजलेले पाहायला मिळते ते जानेवारीतल्या काही पहाटेच. मे महिन्यात ते पाण्यासारखे असते. साजूक तूप आपल्याकडच्या उन्हाळ्यातही रवाळ आणि अर्धवट घट्ट राहते, आणि बेसनाचा लाडू त्याच आधारावर उभा असतो. म्हणून येथे तुपाच्या जागी दुसरे पातळ तेल घालून उपयोग नाही, बांधून धरणारा घटक हवा. माझ्या सौभाग्यवतीने बसवलेले प्रमाण असे : दोन वाट्या जाडसर बेसन कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावे, त्याला वीस मिनिटे तरी लागतात. दीड वाटी भाजलेले, सोललेले शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटून लगदा होईपर्यंत फिरवावेत. बेसन कोमट असतानाच हा लगदा, पाऊण वाटी किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ एकत्र करून मळून घ्यावे आणि लाडू वळावेत. मिश्रण कोरडे वाटले तर चार खजूर बिया काढून त्यात कुटावेत. चव बेसनाच्या लाडवाची आणि दाण्याच्या लाडवाची यांच्या मधली येते, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

रसशिरवाळे (भांडुप)

आमच्या मालवणी घरात हा प्रश्न कोणाला पडल्याचे मला आठवत नाही, कारण दुधाची जागा आमच्याकडे नारळाने केव्हाच घेतलेली होती. गुळाच्या नारळरसातले शिरवाळे, त्याच रसाबरोबर खायची घावने आणि खापरोळी, पातोळ्या, सांदणे हे सगळे पदार्थ गाय-म्हशीवाचून होतात.

डब्यासाठी यातली सांदणे सर्वांत सोयीची, आणि सध्या फणसाचे दिवस आहेत म्हणून कृती देतो. दोन वाट्या तांदळाचा रवा, ज्याला दुकानात इडली रवा म्हणतात तो, कढईत हलका भाजून घ्यावा. रंग बदलता कामा नये. बरक्या, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांच्या फणसाचे गरे चाळणीवर चोळून दोन वाट्या रस काढावा. त्यात एक वाटी किसलेला गूळ विरघळवावा, एक वाटी नारळाचे दूध, अर्धी वाटी खवलेला नारळ, पाव चमचा मीठ आणि वेलची घालून रवा कालवावा आणि दीड-दोन तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुलतो. इडलीपात्राला तेलाचे बोट लावून वीस मिनिटे वाफवावे. मिळाले तर साच्यात तळाशी हळदीच्या पानाचा तुकडा ठेवावा. यात आंबवण्याची भानगड नाही, आणि दुसऱ्या दिवशी सांदणे अधिक मुरलेली लागतात. मात्र या हवेत दुसऱ्या दिवसासाठी ती फ्रिजमध्येच ठेवावी लागतात.

फणस संपला की हेच काकडीचे करता येते, त्याला आमच्याकडे धोंडस किंवा तवसाळी म्हणतात. तवसे म्हणजे मोठी, पिकत आलेली काकडी किसून, तिच्या सुटलेल्या पाण्यातच रवा आणि गूळ शिजवून दोन्हीकडून आच देऊन भाजायचे. भाद्रपदात ती काकडी मुंबईत मिळते.

दोन_घास_कमी (गोरेगाव)

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एक गोष्ट निसटते आहे असे वाटते. वडापावातला वडा वनस्पतीजन्य आहे, बटाट्याच्या सळ्या वनस्पतीजन्य आहेत, केळ्याचे वेफर आहेत, शेव आहे, फरसाणाचे अख्खे दुकान जवळजवळ तसेच आहे. इतकेच कशाला, एके काळी घरोघरी 'वनस्पती' या एकाच शब्दाने ओळखले जाणारे पिवळ्या डब्यातले तूपही नावाप्रमाणे वनस्पतीजन्यच होते, आणि त्यातल्या ट्रान्स मेदावर, म्हणजे हृदयाला घातक ठरणाऱ्या मेदावर, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा घालावी लागली. तेव्हा दूध वगळले म्हणजे खाऊ पौष्टिक झाला, असे समजू नये. मूळ लेखातल्या यादीतल्या चकली आणि कडबोळी मी तरी रोजच्या डब्याच्या यादीतून काढून टाकीन.

मीठही मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात दोन वेळचे जेवण, लोणचे, पापड सगळे आले. कोरड्या खाऊत मीठ जिभेला लवकर कळत नाही म्हणून हात सैल सुटतो.

खलबत्ता (मुलुंड)

@दोन_घास_कमी, आपला आक्षेप मान्य आहे. चकली सणापुरतीच ठेवू. चिवड्याची बाजू मात्र मी घेणार, कारण घरचा भाजका चिवडा आणि दुकानातला तळलेला चिवडा हे एका नावाचे दोन पदार्थ आहेत. अर्धा किलो पातळ पोहे मी मोठ्या परातीत दोन तास उन्हात ठेवते आणि मग मंद आचेवर तीन खेपांत कोरडे भाजते. मूठभर पोहे चुरगळल्यावर पीठ झाले म्हणजे भाजले गेले. घाई केली की पोहे आकसतात आणि चामट होतात. फोडणीला पाऊण वाटी तेल पुरते, आणि त्यातच दाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि भरपूर कढीलिंब तळला जातो. हळद गॅस बंद केल्यावर घालावी, नाहीतर ती करपते आणि चिवडा काळपट दिसतो. दाणे-डाळे मी पोह्यांच्या निम्म्या वजनाचे घेते. लालबागच्या चिवडा गल्लीतल्या एका दुकानदाराने मला हे प्रमाण ऐकून 'ताई, हा चिवडा नाही, हे दाणे आहेत' असे ऐकवले होते.

प्रयोगवही सर, आमचूर आणि नारळाचे दूध येत्या रविवारी करून पाहते.

ताटवाटी (दादर)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. खलबत्ताताई, दुकानदार काहीही म्हणो, तुमचे प्रमाण योग्य आहे. कारण या वयाच्या मुलींच्या संध्याकाळच्या खाऊत पोट भरण्याजोगे पिष्ट भरपूर असते आणि प्रथिने कमी पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पोह्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे २३, अख्ख्या मुगात २२ आणि सोयाबीनमध्ये ३५ च्या आसपास. अर्थात हे आकडे कोरड्या धान्याचे आहेत. मूग भिजून, मोड येऊन, शिजून वाटीत आले की त्यात पाणीच जास्त असते, त्यामुळे वाटीभर उसळ खाल्ली म्हणजे २२ ग्रॅम मिळाले, असा हिशेब करू नये.

धान्य आणि डाळ एकत्र असावे, ही आपली जुनी रीत शास्त्रालाही पटणारी आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात मिळते. थालिपिठाची भाजणी करणाऱ्या आजीला ही नावे ठाऊक नव्हती, पण भाजणीत हरभरा डाळ आणि उडीद डाळ घालायला ती चुकत नव्हती.

दूध सोडल्यावर कॅल्शियमचा प्रश्न येतो. त्याच तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलेले आहे. आकडा मोठा दिसतो. परंतु एका वेळच्या खाऊत ३० ग्रॅम पीठ गेले तर साधारण ११० मिलिग्रॅम मिळते, आणि त्यातलेही सगळे शरीरात शोषले जात नाही. म्हणून नाचणीच्या जोडीला तीळ असावेत. न सडलेल्या, म्हणजे साल न काढलेल्या, तिळात कॅल्शियम नाचणीच्या कितीतरी पट असते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आणलेले पीठ वापरले तर त्यातले फायटिक आम्ल कमी होते आणि खनिजे अधिक चांगली शोषली जातात. मोडाच्या नाचणीचे पीठ एक वाटी, ज्वारीचे अर्धी वाटी, किसलेला दुधी, ओवा, तीळ आणि वाटलेली मिरची यांचे धपाटे करावेत. ते निवल्यावरही मऊ राहतात.

लोहासाठी उसळीवर लिंबू अवश्य पिळावे, आणि उसळ खाल्ल्यावर तासभर तरी चहा टाळावा, कारण चहातली द्रव्ये धान्या-डाळींतल्या लोहाचे शोषण रोखतात. मुंबईकराला हे दुसरे पथ्य पाळणे किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

एक सूचना मात्र गंभीरपणे करते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. इडलीचे आंबवलेले पीठ, मोड, शेवाळ यांतून ते पुरेसे मिळते, असे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. मुलीने दूधही सोडले असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी आणि ते गोळीवाटे द्यावे. खाऊ कितीही चांगला केला तरी ही उणीव त्याने भरून निघणार नाही.

जलद_लोकल (कल्याण)

मी स्वतः रोज कल्याण ते भायखळा प्रवास करते, आणि संध्याकाळचा खाऊ बहुधा दोन माणसांच्या मध्ये उभी राहून खाते. त्यामुळे माझ्या दृष्टीने खाऊची पहिली परीक्षा पौष्टिकतेची नसते. तो एका हाताने, चमच्याशिवाय, शेजारणीच्या ओढणीवर न सांडता खाता आला पाहिजे आणि डबा उघडल्यावर गाडीच्या अख्ख्या डब्याला लसणाचा वास जाता कामा नये. भडंग या परीक्षेत नापास होतो. उसळही नापास होते. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात ते मिश्र डाळींचे आप्पे.

दोन वाट्या तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ आणि हरभरा, मूग व तूर या डाळी प्रत्येकी पाव वाटी, सोबत अर्धा चमचा मेथीदाणे असे सगळे पाच तास भिजवून मी रात्री वाटून ठेवते. सध्याच्या उकाड्यात पीठ पाच-सहा तासांत फुगते, म्हणून झोपण्याआधी वाटले तर पहाटे उठावेच लागते. थंडीत तेच पीठ दहा-बारा तास घेते. सकाळी त्यात किसलेले गाजर, कोथिंबीर, आले आणि ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे घालावेत. बिडाचे आप्पेपात्र चांगले तापलेले असले तर प्रत्येक खळग्यात चार थेंब तेल पुरते. तेल अधिक लागते आहे असे वाटले तर भांडे पुरेसे तापलेले नाही, असे समजावे. ताटवाटी यांचा धान्य-डाळीचा नियम येथे आपोआप पाळला जातो.

माझी एक फजिती सांगते, म्हणजे इतरांची टळेल. गेल्या मे महिन्यात या आप्प्यांबरोबर मी सकाळी सहाला ओल्या नारळाची चटणी डब्यात भरली आणि संध्याकाळी साडेसहाला झाकण उघडले. त्या गाडीत त्यानंतर जे झाले ते लिहीत नाही. तेव्हापासून ओले खोबरे पिठात घालून भाजले जाते तेवढेच, आणि चटणी नेहमी कोरडी, कारळ्याची किंवा जवसाची. जवस मात्र भाजून, कुटूनच खावेत. अख्खे गिळले तर ते जसेच्या तसे बाहेर पडतात.

बरणी_भर (डोंबिवली)

आम्ही मूळचे जळगावकडचे. आप्प्यांसाठी आंबवण्याची वाट पाहणे ज्यांना नको असेल त्यांनी फुणके करावेत. तूरडाळ आणि हरभरा डाळ समप्रमाणात चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, पाण्याविना भरड वाटावी. वाटताना पाणी घातले तर मुटके फुटतात, आणि हीच चूक सगळे पहिल्यांदा करतात. त्यात चिरलेला कांदा, भरपूर कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरे, मीठ घालून मुठीत दाबून मुटके करावेत आणि चाळणीवर अठरा-वीस मिनिटे वाफवावेत. आमच्याकडे हे कढीबरोबर खातात, तेव्हा येथेही ताक आलेच. पण नुसत्या फुणक्यांवर कच्चे शेंगदाणा तेल आणि शेंगदाण्याची चटणी घेतली तर कढीची आठवण येत नाही. मला तरी येते, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण माझ्या मुलांना येत नाही.

मोड_आलेले (बोरिवली)

एक छोटी शंका आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. दर वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्याकडे चिवडा सादळतो आणि मोडांना वास येऊ लागतो. यावर काय करावे?

प्रयोगवही (विलेपार्ले)

सादळण्याचे कारण समजले की उपाय सुचतो. मीठ, पिठीसाखर आणि गूळ हवेतले पाणी ओढून घेतात. म्हणून पावसाळ्यात एकाच वेळी मोठा घाणा करून त्यात मीठ-साखर मिसळून ठेवू नये. भाजलेले पोहे आणि दाणे बिनमिठाचे भरून ठेवावेत, आणि चार दिवसांपुरत्या वेगळ्या काढलेल्या चिवड्यालाच फोडणी आणि मीठ द्यावे. दुसरे म्हणजे, गरम चिवडा डब्यात भरू नये. वरून निवला असे वाटले तरी ढिगाच्या पोटात वाफ असते, ती झाकणाला लागून थेंब होऊन खाली पडते आणि मग आपण हवेला दोष देतो. परातीत पसरून, हात घालून पाहून, पूर्ण निवल्यावरच भरावा. सादळलाच तर कढईत अगदी मंद आचेवर पाच मिनिटे परतला की पुन्हा कुरकुरीत होतो.

मोडांबाबत ताटवाटी अधिक अधिकाराने सांगतील.

ताटवाटी (दादर)

ज्या ओलसर उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात, म्हणून पावसाळ्यात मोड कच्चे खाऊ नयेत, किमान सात-आठ मिनिटे वाफवून घ्यावेत. मूग आठ तास भिजवून, फडक्यात सैल बांधून, फडके दर चार-पाच तासांनी स्वच्छ पाण्याने धुवावे. मोड अर्ध्या पेराएवढे आले की फ्रिजमध्ये ठेवावेत. लांबच लांब मोडांत विशेष काही नाही. वास आला तर टाकून द्यावेत, मसाला घालून वाचवू नयेत.

पावसाळ्यात माझ्याकडे मोडांपेक्षा भाजके चणे आणि वसईची सुकेळी यांची जोडी अधिक चालते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी मधासारखी गोड असतात, त्यात वरून साखर नसते, आणि मूठभर चण्यांबरोबर एक सुकेळे खाल्ले की तासाभराच्या प्रवासाची सोय होते. वाळल्यामुळे साखर एकवटलेली असते, म्हणून एकच.

खलबत्ता (मुलुंड)

दोन रविवार गेले, म्हणून वृत्तान्त लिहिते.

सुरळीची वडी जमली. नारळाचे दूध पाऊण वाटी घेतले, आमचूर गाळून घातला, आणि यजमानांना दुसरे ताट घेऊन उभे केले. पहिल्या ताटातल्या पट्ट्या न मोडता वळल्या गेल्या. दुसऱ्या ताटावर मला पोचायला उशीर झाला आणि त्या जाडच राहिल्या, पण मोडल्या नाहीत. ताकाची वडी खाऊन वाढलेल्या सासूबाईंनी 'बेसन नवीन आणलेस का?' एवढेच विचारले. मी हो म्हटले.

बेसन-दाण्याचे लाडू डब्यात उभे राहिले. खजूर चारऐवजी सहा घालावे लागले, कारण माझे शेंगदाणे जुने होते आणि त्यांनी तेल सोडले नाही. फुणके मुलीला आवडले, परंतु कांद्यामुळे ते संध्याकाळपर्यंत उग्र झाले. आता डब्यासाठी कांदा वगळून किसलेला कोबी घालणार आहे. आप्पे आठवड्यातून दोनदा जातात आणि जलद_लोकल यांनी सांगितल्याप्रमाणे सोबत कारळ्याची चटणी. तिला हिंग चालतो का, असे एका मैत्रिणीने विचारले होते. चालतो, मात्र बाजारातल्या बांधानी, म्हणजे मिश्रण करून विकल्या जाणाऱ्या, हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, तेव्हा ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचे घटक वाचून घ्यावेत.

आता फक्त सांदणे राहिली. रसशिरवाळे, बरका फणस आमच्या बाजारात दिसत नाही. सगळीकडे काप्याचे, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाचे, गरे सोलून विकतात. अख्खा फणसच आणावा लागेल का?

रसशिरवाळे (भांडुप)

काप्याच्या गऱ्यांचा रस निघत नाही. तेच वापरायचे झाल्यास मिक्सरमध्ये अर्धी वाटी नारळाचे दूध घालून बारीक वाटावेत, चव जवळपास तीच येते, फक्त सांदणे थोडी घट्ट होतात, म्हणून रवा दोनऐवजी पावणेदोन वाट्या घ्यावा. बरका हवाच असेल तर दादरला स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी आठच्या आत चौकशी करावी आणि दाबल्यावर अंगठा आत जाईल असा मऊ फणस घ्यावा. पहिला मोठा पाऊस पडला की फणस पाणचट होतो, तेव्हा हाच आठवडा हाताशी आहे. फोडण्याआधी हातांना, सुरीला आणि ओट्यावर खाली अंथरलेल्या कागदाला खोबरेल लावून घ्यावे. चीक एकदा लागला की साबणाने निघत नाही.